कालचेच आभार

३ मार्च

प्रिय ताई,

सप्रेम सलाम. अक्षर ओळखून तू तोंड वाकडं केलंच असशील. कर. फोन तू उचलत नाहीस, मेसेजवर मला बंद करून टाकलंयस, म्हणून शेवटी कागद-पेन घेऊन बसले. तू कागद फाडणारी नाहीस. पस्तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्यास, अजून पाठकोरा कागद दिसला तर उशीखाली सरकवतेस. त्या भरवशावर लिहिते आहे.

मी पोचले, बरी आहे. भाऊजींना कळवलं होतं. त्यांनी तुला सांगितलं नसेल तर त्यांच्यावर चिडू नकोस, तुझ्या घरात राहून तुझ्याविरुद्ध कोण जाईल?

हॉस्पिटल एका चढावर आहे. बसक्या चार इमारती, वर पत्रे, खाटा साठ आणि पेशंट नव्वद. नर्स आम्ही नऊ, त्यात बिनपगारी आलेली मी एकटीच. माझी खोली औषधांच्या स्टोअरच्या मागे आहे. एक खाट, एक खुर्ची, भिंतीत दोन खिळे. एका खिळ्यावर युनिफॉर्म, दुसऱ्यावर टॉवेल, आणि उरलेला संसार बॅगेत. खिडकीतून धुण्याचा हौद दिसतो. दोन बायका सकाळपासून चादरी घासतात आणि भांडतात. भाषा कळत नाही, पण भांडण सासवांवरून असावं, कारण दोघींचं लगेच जमतं.

मला ड्रेसिंगच्या खोलीत टाकलंय. साखरेने सडलेले पाय, भाजलेले हात, न शिवलेल्या जखमा. तीस वर्षं हेच केलं, हात आपोआप चालतात. इथल्या भाषेतले चाळीसेक शब्द आलेत. दुखतं का, हलू नका, श्वास घ्या, झालं. एवढ्यावर नर्सचं भागतं.

आमची मेट्रन इथलीच आहे. साठीच्या पुढची, उंचीने माझ्या खांद्याएवढी. तिच्या रबरी चपला चटचट वाजायला लागल्या की खाटेवरचे पेशंटसुद्धा पाय जवळ घेतात. माझी आणि तिची गाडी मोडक्यातोडक्या इंग्रजीवर चालते. ती रोज सकाळी सात वाजता आम्हाला गोल उभं करते. प्रार्थना आधी, मग प्रत्येकीने एका गोष्टीबद्दल प्रभूचे आभार मानायचे. आता आभार मानणं आपल्याला काही नवीन नाही. पण हिचा एक नियम आहे. आभार फक्त कालचे. झालेल्या गोष्टीचे. होणार असलेल्या, होईलसं वाटणाऱ्या गोष्टीचे अजिबात चालत नाहीत. परवा एक नवी पोरगी भक्तिभावाने म्हणाली, "पाच नंबरच्या बाईला बरं करणार आहेस म्हणून तुझे आभार." मेट्रनने डोळे उघडले. म्हणाली, "झाली का ती बरी? नाही ना? मग दुसरं काहीतरी सांग."

मला हसू फुटलं. नंतर दिवसभर काही गोड लागलं नाही.

माझी पाळी येते तेव्हा मी म्हणते, काल गरम पाणी आलं. सहा आठवडे रोज तेच. आता पोरींनी माझं नावच गरम पाणी ठेवलंय. ताई, आपल्या मंडळीत, रविवारच्या उपासनेत, देवाने काय केलं त्याची साक्ष द्यायला पहिली उभी राहणारी मी. माईक हातातून काढून घ्यावा लागायचा, आठवतं? आणि इथे मला गरम पाण्याच्या पुढे शब्द सुचत नाही.

खारू असती तर तिने मला या नावाने हाक मारून हैराण केलं असतं. तिचं नाव लिहायचं नाही असं ठरवून बसले होते. तुझी मुलगी, तुझं दुःख, मी कोण लिहिणारी? पण एकोणीस वर्षं ती माझ्या खोलीत, माझ्या शेजारच्या खाटेवर झोपली. गालात बिस्किट दडवून झोपायची म्हणून खारू हे नाव मीच ठेवलं. ती जाऊन आज चार महिने झाले. माती देऊन परत येताना तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "तुझ्या साक्षीवर विसंबून मी निवांत बसले." त्यानंतर एक अक्षर बोलली नाहीस. मी निघाले तेव्हासुद्धा स्वयंपाकघरातून बाहेर आली नाहीस.

उत्तर पाठव असं म्हणत नाही. वाच फक्त.

तुझी,
धाकटी


२७ मार्च

प्रिय ताई,

भाऊजी म्हणतात पत्र मिळालं. वाचलंस की नाही ते सांगत नाहीत. त्यांना वकील व्हायला हवं होतं.

इकडे मंडळीतून पाळकबाईंचा निरोप आला. रविवारी माझ्यासाठी विशेष प्रार्थना झाली म्हणे. केवढा त्याग, पन्नाशीला घरदार सोडून परक्या देशात सेवा. माझा फोटो फळ्यावर लावलाय. ताई, तो फोटो काढायला लाव. तुझं ऐकतील. सेवा कसली, मला त्या घरात बसवत नव्हतं. शेजारच्या खाटेवरची गादी तू गुंडाळून ठेवलीस आणि मी दुसऱ्या दिवशी फॉर्म भरला.

माझ्यावर एक नवं काम येऊन पडलंय. दर बुधवारी शहरातून गाडी येते, त्यात तपासण्यांचे रिपोर्ट असतात. बंद पाकिटं, वीस-पंचवीस. डॉक्टर आठवड्यातून दोनच दिवस येतो, म्हणून पाकिटं मेट्रन उघडायची, वाचायची, तातडीचं असेल ते त्याला फोनवर सांगायची. आता तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. तिने गठ्ठा आणून माझ्या टेबलावर ठेवला. "अनुभवाने तू सगळ्यात जुनी आहेस, आजपासून हे तुझं."

मी म्हटलं, मला नको, हवं तर ड्रेसिंगं वाढवा.

"दोन्ही कर," म्हणाली आणि चपला वाजवत गेली.

मी काय करते सांगू? नव्या पोरीला बोलावते, ती पाकिटं उघडते, मग मी वाचते. तिला सांगितलंय की माझी नखं ठिसूळ झालीत. तूही विचारशील, तीस वर्षं रिपोर्ट वाचणाऱ्या बाईला पाकीट उघडायला काय झालं? काही झालं नाही. खरंच नखं गेलीत, इथल्या साबणाने.

त्या साक्षीच्या रविवारबद्दल एकदा मोकळेपणाने बोलू दे. तू मनात धरून बसलीयस म्हणून. खारूच्या मानेत गाठ आली, सुईने तपासणी झाली, त्यात वाईट काही निघालं नाही. तो कागद तू स्वतः वाचलास. गोळ्यांनी गाठ अर्धी झाली, ती तूही हात लावून पाहिलीस. खात्रीसाठी म्हणून डॉक्टरांनी गाठीचा तुकडा काढून मोठ्या लॅबला पाठवला होता, त्याचा रिपोर्ट कुठे अडकला कुणास ठाऊक. पण हातातलं सगळं चांगलंच होतं ना? त्यावर मी उपासनेत उभी राहिले आणि म्हटलं, प्रभूने आमच्या लेकराला पूर्ण बरं केलं. कोण उभं राहिलं नसतं? खारू माझा पदर ओढत होती, "मावशी, बस ना गं, सगळे बघतायत." लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू रडत होतीस. भाऊजींनी बाहेर अख्ख्या मंडळीला चहा पाजला. भाऊजींनी! त्या माणसाने लग्नात कुणाला पाणी विचारलं नव्हतं.

मी एकटीनेच आनंद केला असं नाही, एवढंच म्हणायचंय.

हे पत्र पुन्हा वाचलं. पाठवावंसं वाटत नाही, पण तरी पाठवते.

धाकटी


२१ एप्रिल

प्रिय ताई,

आज माझ्या हातून काय झालं ते तुला सांगायचं आहे. दुसरं कुणी नाही सांगायला, आणि ज्यांना कळायला हवं होतं त्यांना कळलंच आहे.

इथे एक बेकरीवाली येते. चाळिशीची, दणकट, दोन्ही हातांवर भट्टीच्या चटक्यांचे जुने डाग. यावेळी कोपरापासून मनगटापर्यंत भाजून आली. दिवसाआड ड्रेसिंग. तोंडाने अखंड बडबड, ड्रेसिंग करताना मी ओरडावं आणि तिने हसावं असा उलटा कारभार. एक दिवस पट्टी गुंडाळताना माझं कोपर तिच्या छातीला लागलं आणि ती कळवळली. मी पडदा ओढून तपासलं. गाठ होती. सुपारीएवढी. मीच डॉक्टरला सांगितलं, मीच तुकडा घ्यायला उभी राहिले, मीच बाटलीवर तिचं नाव लिहिलं.

त्यानंतर ती दर खेपेला विचारायची, "आला का?" हा शब्द मला पहिल्या दिवसापासून येतो. मी म्हणायची, नाही.

गेल्या बुधवारी आला. नवी पोरगी रजेवर होती. मी बाकीची पाकिटं कात्रीने कशीबशी उघडली. तिचं पाकीट राहिलं. म्हटलं, उद्या बघू. टेबलाच्या खणात ठेवलं. गुरुवारी ती आली, "आला का?" मी म्हटलं, नाही. शनिवारी आली. मी म्हटलं, नाही.

रोज प्रार्थना करत होते हं. अगदी मनापासून.

आज सोमवार. मेट्रन पट्टी कापायची कात्री शोधत आली आणि तिने खण ओढला. डोळ्यांत मोतीबिंदू असला तरी पाकिटावरचा शिक्का तिला दिसला. तिने ते उघडलं, माझ्यापुढे धरलं. "वाच." मी वाचलं. कॅन्सर होता, लहान, वेळेत सापडलेला. कापून काढला तर बाई ठणठणीत व्हावी असा. पण ऑपरेशनचा सर्जन इथे महिन्यातून एकदाच येतो, आणि तो परवा शनिवारी येऊन गेला.

मेट्रन ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने खुर्ची ओढली, बसली आणि विचारलं, "तू या पाकिटासाठी प्रार्थना करत होतीस?"

"हो."

"काय मागत होतीस?"

"चांगलं निघावं म्हणून."

"अगं, ते छापून झालं होतं," ती म्हणाली.

ताई, मी तिथे स्टुलावर बसून मोठ्याने रडले. बाहेर पेशंट रांगेत बसले होते, त्यांना वाटलं असेल आत कुणी गेलं. मेट्रनने दार लावून घेतलं. मी तिला सगळं सांगितलं. आपल्या घरातलं. तुला सांगितलेलं आणि न सांगितलेलंही. ती खुर्चीत बसून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तुझ्या बहिणीला हे माहीत आहे?"

मी मान हलवली, नाही.

"मग मला कशाला सांगतेस?" आणि उठून फोन करायला गेली.

तिने सर्जनला शहरात गाठलं, बराच वेळ त्याच्याशी हुज्जत घातली. तो म्हणाला, बाईला बुधवारच्या गाडीने इकडे पाठवा, बघतो. मग बेकरीवालीला बोलावलं आणि सांगायचं काम माझ्यावर टाकलं. रिपोर्ट वाईट आहे हेही, आणि तो पाच दिवस माझ्या खणात होता हेही. चाळीस शब्दांत हे कसं सांगायचं ते मला विचार. जिथे अडले तिथे मेट्रन शब्द पुरवत होती, गाळू मात्र एकही दिला नाही.

बेकरीवालीने बोटांवर दिवस मोजले. पाच. मग टेबलावर असा हात आपटला की ट्रे उडाला. मला काहीतरी बोलली, ते माझ्या चाळीस शब्दांत नव्हतं आणि मेट्रनने सांगितलंही नाही. निघून गेली. मी ट्रे गोळा करत बसले. दहा मिनिटांनी दार ढकलून परत आली, माझ्याकडे न बघता खुर्चीत बसली आणि हात पुढे केला. ड्रेसिंग राहिलं होतं. मी ते केलं. आज तिला दुखत होतं, पण ती हसली नाही.

आता हात दुखतोय. थांबते.

धाकटी


२२ एप्रिल

ताई,

कालचं पत्र अजून टेबलावरच आहे. त्याच्याबरोबर हेही जाईल, आणि आणखी एक कागद. तो कागद आधी काढू नकोस, हे वाचून मग बघ.

मागच्या पत्रात मी लिहिलं की मोठ्या लॅबचा रिपोर्ट कुठे अडकला कुणास ठाऊक. तो अडकला नव्हता. तो साक्षीच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी आला. आमच्या तिकडच्या हॉस्पिटलच्या खालच्या काउंटरवरून मी तो सही करून घेतला. वर खारूचं नाव होतं. मी तो पर्समध्ये टाकला आणि घरी आले. रात्री तुझ्याबरोबर जेवले. सकाळी उपासनेला गेले. मी उभी राहून साक्ष देत होते तेव्हा ते बंद पाकीट माझ्या पर्समध्ये होतं आणि पर्स खारूच्या मांडीवर होती.

मी ते उघडलं नाही. का, हे मी स्वतःला इतक्या तऱ्हांनी समजावलंय की आता खरं कुठलं ते शोधावं लागतं. तेव्हा मी म्हणायची, देवाकडे मागून झालं, उत्तर मिळालं असं मनाने घेतलं, आता कागद उघडून बघणं म्हणजे त्याच्यावर पाळत ठेवणं. आधी आभार मानू, मग उघडू. आधी आभार मानले की कागदात वाईट राहणारच नाही. आपल्यात असं चालतं ना, मिळण्याआधीच मिळालं म्हणायचं, त्यालाच विश्वास म्हणायचं. पाळकसाहेबांनी मागच्याच रविवारी यावर उपदेश केला होता. त्यांच्यावर ढकलता येईल, पण ढकलत नाही. पाकीट त्यांच्या पर्समध्ये नव्हतं.

आता सांगते. विश्वास असता तर मी ते काउंटरवरच उघडलं असतं. मला भीती वाटत होती, ताई. नर्स आहे मी. गाठ कशी लागत होती ते माझ्या बोटांना कळलं होतं.

साक्ष दिल्यावर तर उघडणं आणखी कठीण झालं. अख्ख्या मंडळीने टाळ्या वाजवल्या होत्या. सोमवारी डॉक्टरांनी व्हरांड्यात विचारलं, "सिस्टर, भाचीचा रिपोर्ट आला का?" मी म्हटलं, "देवाच्या कृपेने सगळं ठीक आहे, सर." ते म्हणाले, "वा, छान." तीस वर्षांच्या सिस्टरने सांगितल्यावर कोण कागद मागतो? पुढच्या महिन्यात ते दुसऱ्या हॉस्पिटलला गेले आणि तो विषय संपला. तू दोनदा विचारलंस, मोठ्या लॅबचं काय झालं गं? मी म्हटलं, त्यांनी हरवला असणार, गरज काय आहे आता.

अकरा आठवडे. पर्समधून ते मी ट्रंकेत, जुन्या युनिफॉर्मखाली ठेवलं. त्या अकरा आठवड्यांत ती कॉलेजच्या सहलीला गेली, केस कापून आली, त्यावरून तू तिच्याशी भांडलीस. मग खोकला लागला. एका दुपारी ती माझ्या खाटेवर येऊन बसली, माझा हात धरून मानेवर ठेवला आणि म्हणाली, "मावशी, परत आलीय का बघ ना." आली होती. एक नाही, तीन. मी म्हटलं, "सर्दीने येतात अशा. वाफ घे."

ती "बरं" म्हणाली. माझ्या शब्दावर तिने कधी दुसरा प्रश्न विचारलाच नाही.

त्याच दिवशी ड्युटीवर जाऊन बाथरूमची कडी लावली आणि ते उघडलं. सगळं लिहिलेलं होतं. वेगाने वाढणारा आहे, औषधाला ऐकणारा आहे, ताबडतोब सुरू करा. ताबडतोब हा शब्द ठळक होता. तरीसुद्धा घरी येऊन मी तुला खरं सांगितलं नाही. म्हटलं, नव्याने तपासणी करू. आणखी नऊ दिवस त्यात गेले, फक्त माझं झाकलेलं राहावं म्हणून. तू पाहिलास तो रिपोर्ट हा दुसरा. नवे डॉक्टर म्हणाले, दोन-अडीच महिने आधी आणलं असतंत तर. तू भिंतीला डोकं टेकून उभी राहिलीस आणि मी तुला पाणी आणून दिलं. तू माझ्या हातून प्यालीस.

ट्रंकेतला तो पहिला रिपोर्ट मी फाडू शकले नाही, इथे घेऊन आले होते. या पत्रात घातला आहे. वरची तारीख बघ.

तू मातीच्या दिवशी म्हणालीस ते कमीच होतं. साक्षीची चूक कुणाच्याही हातून झाली असती, लोकांनी मला तसं सांगितलंही. मी मान खाली घालून ते ऐकून घेतलं, कारण त्या चुकीमागे माझं मोठं पाप लपत होतं. तुझ्याकडे माफी मागायला तोंड नाही. तरी मागते. मंडळीत सांगायचं असेल तर सांग. भाऊजींना सांगायचं असेल तर सांग. पुन्हा तोंड बघायचं नसेल तर मी इथली मुदत वाढवून घेईन, इथे माणसं कमीच आहेत.

आज सकाळी गोलात माझी पाळी आली. पोरी आधीच हसायला लागल्या होत्या, गरम पाणी म्हणून. मी म्हटलं, मला एक भाची होती. एकोणीस वर्षं होती. त्याबद्दल प्रभूचे आभार. मेट्रनने डोळे उघडले नाहीत. एवढं तिच्या नियमात बसत होतं.

ताई, ती होती ना गं आपल्याकडे. तेवढं तरी झालेलं आहे.

तुझी,
धाकटी


१९ मे

धाकटे,

चारही पत्रं मिळाली. चारही वाचली. पहिलं किती वेळा वाचलं ते सांगत नाही. फोटो मंडळीच्या फळ्यावरून काढायला लावला.

तू पाठवलेला कागद पाहिला. तारीख बघायला सांगितलीस, ती बघायची मला गरज नव्हती.

आता माझं ऐक. साक्षीनंतरच्या सोमवारी सकाळी तू अंघोळीला गेली होतीस. मला घराची किल्ली सापडत नव्हती, म्हणून मी तुझ्या पर्समध्ये हात घातला. लांबट पाकीट हाताला लागलं. वर लॅबचा शिक्का आणि माझ्या लेकीचं नाव. चिकटवलेलं होतं. मी ते खिडकीच्या उजेडात धरून पाहिलं, आतलं काही दिसलं नाही. तू आत गाणं म्हणत होतीस. मी मनाला समजावलं, ती गातेय म्हणजे सगळं चांगलंच असणार. पण मी पस्तीस वर्षं मास्तरकी केली आहे. चिकटवलेलं पाकीट कुणी वाचलेलं नसतं एवढं मला कळतं.

मी ते परत ठेवलं. होतं तसंच, कंगव्याखाली. किल्ली दारालाच होती.

तू तरी देवाचं नाव घेतलंस. मी कुणाचं नाव घेतलं नाही. मला फक्त तो रविवार अजून थोडे दिवस हवा होता. हे चहा पाजत होते, ती लाजत होती, लोक येऊन माझा हात हातात घेत होते. उघडलं असतं तर ते संपलं असतं. म्हटलं, ती नर्स आहे, तिची जबाबदारी आहे, बघेल ती. दोनदा तुला विचारलं, ते तू नाही म्हणावंस म्हणूनच विचारलं. तू "हरवला असणार" म्हणालीस आणि मी भाजी चिरायला घेतली.

मग ती गेली. ते कुणावर तरी टाकल्याशिवाय मला उभं राहता येत नव्हतं. सगळ्यांसमोर तुझ्यावर टाकलं. तू ते मुकाट्याने घेतलंस आणि देश सोडून गेलीस. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही कारण मला सुटल्यासारखं वाटत होतं, आणि ते तुला चेहऱ्यावर दिसलं असतं. दुसऱ्या पत्रात तू "कुठे अडकला कुणास ठाऊक" असं लिहिलंस तेव्हा मला बरं वाटलं. म्हटलं, ही खोटं बोलते आहे तोवर मलाही बोलायला नको.

आता तू खरं लिहून मोकळी झालीस. माझी माफी मागतेस. मी ती कुठून देऊ? तू मावशी होतीस. मी आई आहे.

यांना काल रात्री दोन्ही सांगितलं. तुझं आणि माझं. सकाळी त्यांनी मला चहा करून दिला आणि बाहेर जाऊन बसले.

मुदत वाढवू नकोस. तिचं कपाट अजून बंद आहे. सात महिने होत आले, रोज त्याच्यावरची धूळ पुसते. हे म्हणतात, कपडे कुणाला तरी देऊन टाकू. मी दोनदा किल्ली लावली आणि काढून घेतली. मला एकटीला ते उघडवत नाही. तू ये.

ताई